ह्ये बगलं, ह्ये न्हाय बगलं

धर्माकाका उभ्या गाडीजवळून कधी सरळ जात नसत. चार कोपऱ्यांपैकी जो हाताला येईल तो तळव्याने एकदा दाबायचा, सोडायचा आणि गाडी वर येऊन थांबेपर्यंत बघत राहायचं. लग्नाच्या मांडवाबाहेर, मासळीबाजाराशी, कुठेही. एकदा अलिबागला एका सरकारी कचेरीच्या आवारात त्यांनी साहेबांची गाडी अशी दाबली, तेव्हा ड्रायव्हर धावत आला.

"ओ, काय करताय?"

"तब्येत बगतंय," काका शांतपणे म्हणाले. "मागचा डावा शॉकअप गेलाय. सायबाला सांग."

त्यांची दुसरी सवय जास्त विचित्र होती. दुरुस्त झालेली गाडी परत देताना इतर गॅरेजवाले काय काय केलं ते सांगतात. काका काय बघितलं आणि काय बघितलं नाही, ते सांगत. बोनेटवर हात ठेवून, पाठ केलेलं म्हणावं तसं: "पुढचे दोनी बगले. मागचा उजवा बगला. मागचा डावा न्हाय बगला, नट गंजलाय, जोर लावला तर तुटंल. पुन्हा आनाल तवा बगू." नवीन गिऱ्हाइकाला हे ऐकून धक्काच बसायचा. पैसे देऊन वर काय झालं नाही ते ऐकायचं! काही जण परत आलेच नाहीत. काकांना त्याचं काही वाटत नसे.

रेवदंड्याच्या अलीकडे, चौलच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, समोर बदामाचं झाड, बसायला कुठल्याशा मोठ्या गाडीची काढलेली मागची सीट. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ हिराकाका, दोघंच ते चालवत. हिराकाकांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. ते दाराशी बसून पंक्चर काढत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची थट्टा करत.

मी जवळच्या नागावची. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, वडील शाळेत शिकवत. मी इंग्रजी माध्यमात शिकले, नंतर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, एका नोकरीत वर्षभर राहिले आणि घरी परत आले. का परत आले, ते इथे लिहिण्याची गरज नाही. काकांनीही ते कधी विचारलं नाही. मी त्यांच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं काम केलं, त्याचं हे एक कारण असावं.

बाबा आमची जुनी गाडी घेऊन तिकडे गेले होते तेव्हा काकांनी नुकताच स्कॅनर घेतला होता. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं आणि काय बिघडलंय ते वाचायचं, ते यंत्र. "मास्तर, ह्यो बोलतो इंग्रजी आनी आमी दोगं भाऊ चौथी पास," काका म्हणाले. "तुमची पोर घरी हाय ना? दोन महिने धाडा."

पहिल्या दिवशी मी पडद्यावरचं वाचून मराठीत सांगितलं. काका कानाशी हात नेऊन वाकले.

"बाय, मशीनपेक्षा हळू बोलतंस तू."

"दादूस, तिला नको ओरडू," दारातून हिराकाका म्हणाले. "बामनाच्या घरची हाय, शब्द मोजून देनार."

"मोजून दे, पन ऐकू येतील असे दे. मनातल्या मनात सांगितलेलं गारीला पन न्हाय कलत."

काका गाडीला 'गारी'च म्हणत. पेणकडच्या मिठागरांत त्यांचं लहानपण गेलं होतं. आजोबा आणि वडील दोघंही मीठ पिकवत. मीठ कुठे शिरतं आणि काय खातं, हे त्यांना शिकावं लागलं नव्हतं. "आमच्या फावड्याचा दांडा टिकायचा आनी पातं जायचं," ते सांगत. "लोक समजतात पान्याने गंजतं. पानी सुकून जातं. मीठ बसून ऱ्हातं."

हे ज्ञान त्यांना उतारवयात फार उपयोगी पडलं. आमच्या किनाऱ्यावर मुंबईच्या लोकांचे बंगले झाले आणि शुक्रवारी संध्याकाळी मोठमोठ्या गाड्या यायला लागल्या. साध्या गाडीचा शॉकअप म्हणजे तेलाची नळी. चाक खड्ड्यात गेलं की आतला दांडा तेलातून सरकतो आणि हिसका तिथेच जिरतो. या महागड्या गाड्यांच्या शॉकअपमध्ये शिवाय एक छोटा विजेचा व्हॉल्व असतो. कॉम्प्युटर रस्ता ओळखतो आणि त्याप्रमाणे तेलाची वाट लहानमोठी करतो, शॉकअप क्षणात मऊ, क्षणात कडक होतो. चांगल्या रस्त्यावर ही गाडी पाळण्यासारखी चालते. पण खारी हवा आणि अलिबाग-मुरुड रस्ता यांच्यापुढे तिचं फार दिवस चालत नाही. कंपनीचं वर्कशॉप लांब, सुटा भाग यायला महिना. म्हणून त्या गाड्या काकांच्या बदामाखाली उभ्या राहत.

काका म्हणत, या शॉकअपला दोन मरणं आहेत. एक विजेचं, एक तेलाचं.

विजेचं मरण म्हणजे वायर जोडणाऱ्या कपलरमध्ये मीठ शिरून तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. किंवा चाकाजवळची वायर स्टिअरिंगबरोबर वळून वळून आतून तुटते, वरून धड दिसते. किंवा त्या व्हॉल्वची कॉइलच जळते. हे कॉम्प्युटरला लगेच कळतं. तो समोर दिवा लावतो आणि हात काढून घेतो. बहुतेक गाड्यांत वीज गेलेला शॉकअप कडक होतो. गाडी दणके देते, पण रस्ता सोडत नाही. "रुसली की ताठ व्हते," काका म्हणायचे. "ताठ गारी कंबर मोडंल, जीव न्हाय घ्यायची."

तेलाचं मरण वेगळं. दांड्याला गंजाचे बारीक टोचे पडतात, त्यावर घासून तेल अडवणारं सील फाटतं आणि तेल घामासारखं सुटायला लागतं. कॉम्प्युटर कॉइलला फक्त विचारतो, आहेस का? कॉइल म्हणते, आहे. नळी रिकामी झाली तरी ती आहे म्हणत राहते. दिवा लागत नाही.

"दिवा विजेची खबर देतो, बाय. तेलाची न्हाय." त्या काळात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

म्हणून स्कॅनर झाला की ते गाडी दाबत. तेवढ्यानेही भागत नसे, कारण या गाड्या उभ्या असताना कडकच लागतात. मग ती नांदगावच्या दिशेने थोडी पळवून आणायची, लगेच खाली शिरायचं आणि एकेका शॉकअपला हात लावायचा. हिसके जिरवणारा शॉकअप कोमट लागतो. जो गार, तो काम करत नाही. शेवटी कोरड्या फडक्याने पुसायचं आणि फडकं उजेडात धरायचं. तेल सुटत असेल तर ते ओलं दिसतं.

शेडच्या मागच्या भिंतीवर मेलेले शॉकअप खिळ्यांना टांगलेले होते. प्रत्येकाला तारेने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर काकांच्या गोल, मोठ्या अक्षरात मरणाचं कारण: 'कपलरमधे मीठ.' 'वायर आतून तुटली.' 'सील गेलं, दिवा नव्हता.' पहिल्या खिळ्यावरच्या शॉकअपला मात्र पुठ्ठा नव्हता. मी त्याबद्दल विचारलं नाही. मी तेव्हा कशाबद्दलच फारसं विचारत नसे.

एका गोष्टीवरून गिऱ्हाइकांशी काकांचे खटके उडत. कपलरमध्ये शॉकअपऐवजी एक छोटासा तुकडा बसवता येतो. कॉम्प्युटरला वाटतं, कॉइल जागेवर आहे, आणि दिवा विझतो. याला गॅरेजमध्ये 'डमी' म्हणतात. स्वस्त, दहा मिनिटांचं काम. रोह्याचे एक शेठ त्यासाठी आले होते.

"काका, तो दिवा तेवढा घालवा. बायकोला वाटतं गाडी फुटणार आहे."

"शॉकअप बदलावा लागंल. डमी न्हाय लावत मी."

"अहो, पुढच्या नाक्यावर लावून देतात."

"मंग पुढल्या नाक्यावर जा."

"तुम्हाला येत नाही का?"

"येतो," काका म्हणाले. "म्हनूनच न्हाय लावत."

हिराकाका एरवी अशा वेळी काहीतरी बोलून हसवायचे. डमीचा विषय निघाला की मात्र ते टायरवर वाकून राहत.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या हातून चूक झाली.

काका त्या दिवशी पोटाचा फोटो काढायला अलिबागला गेले होते. त्यांना जेवण जात नव्हतं, पण ते आम्ही फारसं मनावर घेतलं नव्हतं. हिराकाका जेवायला घरी गेले होते. चौलच्या एका बंगल्याची काळी गाडी घेऊन रमेश आला. तो मूळचा बोर्ली पंचतनचा, त्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. मालकाच्या आईवडिलांना मुरुडला सोडायचं होतं आणि गाडीत दिवा लागला होता.

मी स्कॅनर लावला. पुढचा डावा, वायर तुटल्याचा कोड. चाकाजवळचा कपलर उघडला तर पिना हिरव्यागार. घासल्या, पुसल्या, परत बसवला. दिवा गेला. कुणाच्या मदतीशिवाय मी केलेलं ते पहिलं काम. मला फार आनंद झाला, आणि आनंद झाला की मी घाईत असते.

"झालं मॅडम?" रमेश म्हणाला. "म्हातारे थांबलेत. अर्धा तास झाला."

"झालं," मी म्हटलं.

गाडी गेली. मी ती दाबली नव्हती. पळवून आणली नव्हती. हात लावला नव्हता.

वीस मिनिटांनी काका आले. मी कपलरची गोष्ट सांगितली, त्यांनी कौतुकाने मान हलवली.

"दाबून बगलीस?"

"हो."

"हात लावलास?"

"हो," मी म्हटलं.

मी खोटं का बोलले, याचा नंतर पुष्कळ विचार केला. कौतुक परत जाऊ नये, एवढंच कारण होतं.

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाडी उभी होती तिथे ते उकिडवे बसले. जमिनीवर रुपयाएवढा ओला डाग होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, वास घेतला.

"ह्ये इंजिनचं न्हाय," ते म्हणाले. "रमेशला फोन लाव."

रमेश फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे, चांगला ड्रायव्हर होता. काकांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. साळावचा पूल ओलांडला, वळणं सुरू झाली. मला प्रत्येक वळणापलीकडे ती गाडी उलटलेली दिसत होती. काकांच्या पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता, आणि त्या शर्टाखाली ते किती बारीक झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

काशीदला सुरूच्या झाडांखाली काळी गाडी उभी होती. म्हातारा-म्हातारी शहाळ्याचं पाणी पीत होती. रमेश आम्हाला बघून घाबरला. "काका, मघाशी पुलावरून उतरताना जरा खेचली एका बाजूला. मला वाटलं हवा कमी असेल."

काका रस्त्याकडेच्या मातीत आडवे झाले आणि आत हात घातला. मग मला म्हणाले, "ये. लाव हात."

मी गुडघ्यांवर बसले. उजवा शॉकअप कोमट होता. डावा गार. आणि बोटं तेलाने माखली.

काका उठले, हात पुसले आणि त्या म्हाताऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. "बाबा, ही गारी आमच्याकडून न बगता सुटली. चूक आमची. तुमाला रिक्षा करून देतो, गारी मी हळूहळू मागं नेतो."

'आमची' म्हणाले. 'पोरीची' म्हणाले नाहीत. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तो शॉकअप काढला त्या दिवशी त्यांनी पुठ्ठा आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "ह्यावर तू लिव." मी लिहिलं: 'कपलरमधे मीठ होतं. तेलही गेलं होतं. हात लावला नाही.' काकांनी तो वाचला, भिंतीवर टांगला आणि चहा सांगितला. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

हिराकाकांनी काढला. दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेले असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पहिल्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

"तो माज्या गारीचा हाय."

बरीच वर्षं झाली होती. जमिनी विकल्या गेल्या तेव्हा गावात घरोघर मोठ्या गाड्या आल्या. हिराकाकांनीही एक जुनी, पण भारी गाडी घेतली. पुतणीच्या हळदीला ती दारात उभी करायची होती, आणि आदल्या दिवशी तिच्यात दिवा लागला.

"सगला गाव हलदीला येनार. गारीत बसनार. दिवा बगून बोलनार, हिऱ्याने भंगार आनलं. मीच दादूसच्या मागं लागलो, दिवा घालव. त्याने डमी लावला. बोलला, लगीन झालं की शॉकअप बदलू. लगीन झालं. पावसाला आला. दिवा काय लागत नव्हता, मंग आठवन कोन करनार? कार्ल्याच्या खिंडीत वलनावर खड्डा लागला, गारी उडाली ती खाली रस्त्यावर आलीच न्हाय. खांबाला गेली."

त्यांनी हात नसलेल्या पायाच्या जागी ठेवला.

"मी त्याला कदी काय बोललो न्हाय. तो पन न्हाय बोलला. तवापासून गारी देताना ते सुरू झालं त्याचं, ह्ये बगलं, ह्ये न्हाय बगलं."

त्या दिवसापासून गाडी परत देताना मीही दोन्ही गोष्टी सांगायला लागले. आधी पुटपुटत. "मोठ्याने," काका आतून ओरडत. मग हळूहळू मोठ्याने.

त्याच वर्षी पावसाळ्यात काकांचे डोळे पिवळे झाले. हिराकाकांचा मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला, तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या सकाळी हिराकाका कुबडीवर रस्त्यापर्यंत आले आणि मला शेडबाहेरच गाठलं.

"बाय, तो तुला वाचाय सांगंल. आमी अल्सर बोललोय. तू पन अल्सर बोल. डाक्टर बोलला, आता काय करन्यासारखं न्हाय. मंग कशाला त्याचा जीव खायचा?" त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने.

काका त्या काढलेल्या सीटवर बसले होते. मांडीवर मोठं पाकीट.

"ये. कोड काय बोलतो ते वाच."

मी कागद काढले. इंग्रजी होतं, मला सगळं कळत होतं. दारात हिराकाका उभे होते. मी पहिली ओळ वाचली, मग परत पहिलीच वाचली. 'अल्सर' हा शब्द तोंडात तयार होता. तो किती सहज आला असता, ते मला माहीत होतं. 'हो' म्हणायला मला एप्रिलमध्ये काही कष्ट पडले नव्हते.

काका वाट बघत होते. घाई करत नव्हते. गाडी दाबून सोडल्यावर ती वर येईपर्यंत थांबत, तसे.

"स्वादुपिंडात गाठ आहे," मी म्हटलं. "कॅन्सरची. यकृतातही पसरली आहे. हे लिहिलंय."

"मोठ्याने बोललीस," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आनी काय न्हाय लिवलं?"

"किती दिवस, ते लिहिलेलं नाही. बरं होईल, असंही कुठे लिहिलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. कागद माझ्याकडून घेतले, नीट घडी करून पाकिटात ठेवले. दाराकडे बघितलं.

"हिऱ्या, डमी लावाय शिकलास की रं तू."

हिराकाका दारातच खाली बसले आणि रडायला लागले. मोठा माणूस इतक्या मोठ्याने रडताना मी आधी बघितला नव्हता. काका उठले, सावकाश त्यांच्याजवळ गेले आणि शेजारी जमिनीवर बसले. नसलेल्या पायाच्या बाजूला. ते काय बोलले, ते मी ऐकलं नाही. मी शेडच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्यानंतर काका दोन महिने जगले. त्यातला पहिला महिना रोज गॅरेजला आले. पहिल्या खिळ्यावरच्या शॉकअपला त्यांनी एका सकाळी पुठ्ठा बांधला. त्यावर लिहिलं होतं: 'तेल गेलं. दिवा मी घालवला.' हिराकाकांनी तो वाचला आणि पंक्चरच्या टबात नवीन पाणी भरलं.

मग त्यांना उभं राहणं जमेना. मी संध्याकाळी काम आटोपून त्यांच्या घरी जाऊन बसत असे. फार बोलणं होत नसे. आम्हा दोघांनाही त्याची गरज नव्हती. शेवटच्या भेटीत ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपलेत, म्हणून उठायला लागले.

"बाय."

"काय काका?"

"ती पांढरी गारी गेली?"

शेडमध्ये एक पांढरी गाडी होती. ते यायचे थांबले त्या आठवड्यात त्यांनीच तिच्यावर शेवटचं काम केलं होतं. मालक परदेशात होता, परत आल्यावर नेणार होता. ती तयार आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"नाही. मालक पुढच्या महिन्यात येईल."

त्यांना श्वास जमवायला वेळ लागला.

"तिचा मागचा उजवा," ते म्हणाले. "मी न्हाय बगला. हात पोचला न्हाय. तवा लाज वाटली सांगाय."

"मी बघते."

"हां."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर हिराकाकांनी शेडचं दार उघडलं. बदामाची पानं आतपर्यंत आली होती, ती मी झाडून काढली. मग पांढरी गाडी जॅकवर घेतली, आत शिरले आणि कोऱ्या फडक्याने मागचा उजवा शॉकअप वरपासून खालपर्यंत पुसला. बाहेर येऊन फडकं उजेडात धरलं.

ते ओलं होतं.